दोन्ही पीव्हीए १७-८८, रिपोर्ट सेम टू सेम, मग नव्या मालात गमला दाणे का पडतायत?

रबाळे_रिॲक्टर (धागाकर्ता)
मंडळी, रसायनवाले कुणी असाल तर जरा डोकं लावा, माझं चालायचं थांबलंय. आमचं रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे, सुतारकामाचा पांढरा गम बनवतो. म्हणजे पीव्हीएचं द्रावण रिॲक्टरला घ्यायचं, त्यात व्हीएएम (व्हिनाइल ॲसिटेट मोनोमर, म्हणजे ज्याच्या कड्या जुळून गम बनतो ते रसायन) हळूहळू सोडायचं, कड्या जुळायला सुरुवात करून देणारं पर्सल्फेट मारायचं, झालं. (इथे पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, ॲसिटेट नव्हे, दोघांना लोक पीव्हीएच म्हणतात म्हणून आधीच सांगून ठेवतो.) बारा वर्षं एकच रेसिपी आणि एकच ग्रेड, १७-८८. बाहेरच्यांसाठी, १७ म्हणजे साखळीत साधारण १७०० कड्या आणि ८८ म्हणजे शंभर कड्यांपैकी ८८ वरचा ॲसिटेट निघून तिथे ओएच (अल्कोहोलचा गट) आलाय, उरलेल्या १२ वर ॲसिटेट तसाच आहे.

जूनमध्ये नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल नव्हता म्हणून दुसऱ्याकडून दहा गोण्या उचलल्या, किलोमागे नऊ रुपये स्वस्त पडल्या. रिपोर्टवर हायड्रॉलिसिस (म्हणजे ॲसिटेट निघाल्याचा टक्का) ८८, चार टक्के द्रावणाची व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा २० अंशाला २२ सीपीएस, राख, ओलावा सगळं मापात. रिपोर्टवर विश्वास नको म्हणून मी स्वतः मोजलं तर तेच आलं. आमचा ऑपरेटर तर खूश होता, म्हणाला साहेब हा माल भारी, गार पाण्यात पटकन विरघळतो आणि ढवळताना फेसही येत नाही.

आणि मग पहिली बॅच गाळायला घेतली तर कापड चोंदलं. रव्यासारखे दाणे. जो माल खाली गेला तो पातळ वाटला आणि दहा दिवसांत ड्रमच्या तळाला साका बसला. दुसरी बॅच तीच कथा, तिसरी पण. पाणी तपासलं, व्हीएएमचा ड्रम बदलला, पर्सल्फेट नवीन फोडलं, रिफ्लक्स (उकळून वर गेलेली वाफ गार होऊन परत खाली येणं) नेहमीसारखा ६६-६७ ला चालू होतोय, काहीच वेगळं नाही. जुन्या पीव्हीएच्या दोन गोण्या कोपऱ्यात राहिल्या होत्या त्या वापरून बॅच काढली तर लोण्यासारखी. म्हणजे दोष नव्या पीव्हीएत आहे हे पक्कं, पण कागदावर दोघांत काडीचा फरक नाही. मालक म्हणतात ऑपरेटर झोपतो. तो झोपत नाही, मी तीन रात्री त्याच्याबरोबर उभा होतो.

डोंबिवली_फास्ट
नऊ रुपये स्वस्त वाचल्यावर पुढचं वाचायची गरजच पडली नाही 😄

घणसोली_सेक्टर७
पावसाळा आहे, गोण्या ओल्या झाल्या असतील. आमच्याकडे जुलैत पावडरीचे धोंडे होतात, ते नीट विरघळत नाहीत आणि मग दाणे दिसतात.

रबाळे_रिॲक्टर
नाही हो, द्रावण काचेसारखं स्वच्छ आहे. दाणे बॅच निम्मी झाल्यावर येतात, पाण्यात विरघळवताना नाही.

जुना_यूडीसीटीवाला
रबाळे, तुमच्या ऑपरेटरने खूश होऊन जे दोन मुद्दे सांगितले ना, लवकर विरघळतो आणि फेस कमी येतो, त्यातच उत्तर असावं असा माझा संशय आहे. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

तुम्ही १७-८८ ला एक पदार्थ समजताय. तो खरं तर कोपॉलिमर आहे, दोन प्रकारच्या कड्यांची साखळी, ८८ अल्कोहोलच्या आणि १२ ॲसिटेटच्या. रिपोर्ट फक्त दोन गोष्टी सांगतो, साखळी केवढी लांब आणि ॲसिटेट किती. ते १२ ॲसिटेट बसलेत कुठे, हे रिपोर्टवर कुठेच नसतं.

ठाण्याची सकाळची लोकल घ्या. डब्यात शंभर माणसं, त्यात बारा भजनी. हे बारा जण डब्यात कुठेही विखुरलेले असतील तर भजन होत नाही, एकेकटा माणूस मोबाईल बघत उभा राहतो आणि आजूबाजूच्यांना कळतही नाही की हा टाळकरी आहे. तेच बारा जण दाराजवळ एकत्र सापडले की कळव्याच्या आत टाळ सुरू. माणसं तीच, टक्का तोच, डब्याचं वातावरण वेगळं. 

पाण्यात असंच होतं. ॲसिटेटला पाणी आवडत नाही. एकटा ॲसिटेट दोन्हीकडून ओएचच्या गराड्यात असला की निमूट पाण्यात राहतो. पण सात-आठ ॲसिटेट सलग आले की तो तुकडा पाण्यातून बाहेर पडायला बघतो, मग तो हवेच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो म्हणून फेस, नाहीतर व्हीएएमपासून बनलेल्या तुमच्या गमच्या थेंबावर जाऊन चिकटतो, कारण तो थेंब पण ॲसिटेटचाच आहे, म्हणजे नातेवाईकच. तो तुकडा थेंबावर रोवला जातो आणि त्याच साखळीचे ओएचवाले तुकडे बाहेर पाण्यात लोंबत राहतात. दोन थेंब जवळ आले की हे लोंबणारे तुकडे एकमेकांना ढकलतात आणि थेंब चिकटत नाहीत. बारा वर्षं तुमचा गम त्या रोवलेल्या खुंट्यांवर उभा होता. विखुरलेल्या मालात खुंट्याच नाहीत, साखळी थेंबावर अर्धवट टेकते, सुटते, आणि थेंब एकमेकांना भेटून दाणे होतात.

आणि लवकर का विरघळतो तर सलग ओएचचे लांब तुकडे असले की ते एकमेकांत घट्ट रचले जातात, स्फटिकासारखे, पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. विखुरलेल्या मालात ॲसिटेट जागोजागी कडमडतात, रचना जमत नाही, म्हणून पाणी झटकन आत शिरतं.

रबाळे_रिॲक्टर
सर हे भजनाचं भारी आहे, पण मग व्हिस्कॉसिटी सेम कशी आली? खुंट्या नाहीत तर द्रावण पण वेगळं वागायला पाहिजे ना.

जुना_यूडीसीटीवाला
चांगला प्रश्न. व्हिस्कॉसिटी मुख्यतः सांगते की एकेक साखळी पाण्यात केवढी जागा व्यापते, म्हणजे दोऱ्याचं भेंडोळं केवढं फुगलंय. लांबी तीच, पाण्याशी सरासरी पटतंय तेवढंच, मग भेंडोळं जवळपास तेवढंच. बारा टक्क्यांत क्रम बदलल्याने २२ चे २३ झाले तरी तुमच्या व्हिस्कोमीटरच्या चुकीत जिरून जातं. पृष्ठभागावर मात्र सरासरीला कुणी विचारत नाही, तिथे सगळ्यात लांब सलग तुकडा केवढा यावर खेळ असतो. म्हणून हा फरक ४ टक्के द्रावणात लपतो आणि रिॲक्टरमध्ये उघडा पडतो.

आता एकाच ८८ चे दोन प्रकार होतात कसे ते पण सांगून टाकतो. पीव्हीए थेट बनत नाही, आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट बनवून मग मिथेनॉलमध्ये अल्कलीने त्याचे ॲसिटेट काढतात. अल्कली असताना गंमत अशी होते की एका कडीचा ॲसिटेट निघून ओएच आला की तो शेजारच्या ॲसिटेटला पण निघायला मदत करतो. म्हणजे गळती एका जागी लागली की तिथूनच पसरत जाते, भिंतीला ओल आल्यासारखी, आणि ८८ ला थांबवलं तर उरलेले ॲसिटेट पण सलग पट्ट्यांमध्येच शिल्लक राहतात. तेच ॲसिडने केलं, किंवा पूर्ण ओएच केलेल्या साखळीवर परत ॲसिटेट चढवले, किंवा माध्यमात पाण्याचं वगैरे प्रमाण बदललं, तर वाटणी विखुरलेली होत जाते. कारखाना बदलला की हे सगळं बदलू शकतं आणि आकडा मात्र ८८ च येतो.

तळोजा_नाईटशिफ्ट
सरांचा आदर आहे पण मला इतकी सूक्ष्म गोष्ट असेल असं वाटत नाही. नऊ रुपये स्वस्त म्हणजे व्यापाऱ्याने गोणीत ९९ हायड्रॉलिसिसची आणि ७५-८० ची पावडर मिसळून सरासरी ८८ काढली असणार, असले उद्योग मी डोळ्यांनी पाहिलेत. आणि दुसरं, गम बनताना व्हीएएम पीव्हीएच्या साखळीवर ग्राफ्ट पण होतं, म्हणजे फांदीसारखं जोडलं जातं, ते पर्सल्फेट आणि टेम्परेचरवर अवलंबून असतं. सगळं खापर क्रमावर फोडू नका.

जुना_यूडीसीटीवाला
ग्राफ्टिंगचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तोही स्थिरतेत हातभार लावतो. पण त्यांनी जुनी गोणी त्याच पर्सल्फेटने त्याच तापमानाला चालवली ना, लोणी आलं.

मिसळीचा संशय मात्र रास्त आहे आणि तो तपासता येतो. रबाळे, तुमच्याकडे काचेची भांडी आणि चार दशांशाचा काटा असेल तर चार गोष्टी करा.

आधी गार पाण्यात विरघळवा, नुसतं ढवळून, न तापवता. मिसळ असेल तर ९९ वाले दाणे फुगून तसेच पडून राहतील, त्यांना ९० अंशाच्या आसपास तापवल्याशिवाय सुटका नाही. मग ते द्रावण ८० पर्यंत तापवा. ७०-८० हायड्रॉलिसिसचा माल गारात विरघळतो आणि तापला की गढूळ होतो, उलटा न्याय, तर गढूळपणा दिसला तर तळोजावाले जिंकले.

तिसरं आयोडीन. दोन्ही माल एक टक्क्याला आणा, सारख्या परीक्षानळ्यांत सारखंच आयोडीन-आयोडाइड टाका. अर्धवट हायड्रॉलिसिसच्या पीव्हीएत सलग ॲसिटेटचे तुकडे असले की लाल रंग चढतो, विखुरलेले असले की फिका राहतो. मिसळ असेल तर त्यातला ७५ वाला भाग उलट लाल दिसेल हे ध्यानात ठेवा, म्हणजे ही चाचणी दोन संशय वेगळे करते.

चौथं, ब्युरेटने थेंब सोडून वीस थेंबांचं वजन करा. पृष्ठताण कमी तर थेंब हलका. पण घाई करू नका, थेंबामागे अर्धा मिनिट द्या, पॉलिमरला पृष्ठभागावर येऊन बसायला वेळ लागतो, साबणासारखा तो पळत येत नाही.

डोंबिवली_फास्ट
मी चेष्टा करायला आलो होतो आणि आता वीस थेंब मोजायची वाट बघतोय. वाचतोय, थांबतोय.

तुर्भे_ट्रान्झिटमिक्सर
आमच्या सिमेंटच्या धंद्यात हाच तमाशा रोज चालतो फक्त आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं. तुर्भ्याच्या प्लांटमधून काँक्रीट निघतं, घोडबंदर रोडला साइट, गुगल सव्वा तास म्हणतं आणि कापूरबावडीला जे काही होतं ते सगळ्यांना माहितीये. प्लांटवर स्लम्प (काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप) १६०, साइटवर ८०, पंपवाला शिव्या घालतो, मग ड्रायव्हर गुपचूप पाणी मारतो आणि स्ट्रेंथ गेली उडत. गेल्या वर्षी ॲडमिक्श्चर (काँक्रीट सैल ठेवायला घालतात ते रसायन) बदललं, दोन्ही पीसीई जातीची, दोन्ही ४० टक्के सॉलिड, दोन्ही आयएस ९१०३ ह्या मानकाला पास, पण एकाचा स्लम्प सुरुवातीला आभाळाला आणि तासाभरात जमिनीवर, दुसरा सुरुवातीला मवाळ पण दोन तास टिकतो.

त्या कंपनीचा टेक्निकल माणूस आला होता, त्याने कंगव्याचं चित्र काढून समजावलं. पीसीई म्हणजे कंगवा, पाठीच्या दांड्यावर ॲसिडचे गट, ते सिमेंटच्या कणाला चिकटतात, आणि दात म्हणजे पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या लांब शेपट्या, त्या पाण्यात पसरून कणांना एकमेकांपासून लांब ठेवतात. दांड्यावर ॲसिड दाटीवाटीने असलं की कंगवा मिनिटांत चिकटतो, सगळा माल पहिल्या दहा मिनिटांत खर्च होतो, नंतर सिमेंटवर जे नवीन थर चढतात त्यांच्यासाठी हाताशी काहीच उरत नाही. ॲसिड विरळ ठेवलं की निम्मा माल पाण्यातच थांबून राहतो आणि लागेल तसा चिकटत जातो. काही जण ॲसिड एस्टर करून लपवून ठेवतात, सिमेंटच्या अल्कलीत तो एस्टर रस्त्यात हळूहळू सुटतो आणि ॲसिड ताजं होत राहतं. म्हणजे आमचा स्लम्प ट्रॅफिक बघून सुटतो 😄

आणि रेती. नदीची बंद होऊन क्रश्ड सँड आली, त्यात कधी माती असते, आणि त्या मातीच्या पापुद्र्यांमध्ये ह्या शेपट्या शिरून बसतात, मग डोस दुप्पट केला तरी काँक्रीट ढिम्म. हे पण क्रमामुळेच का सर?

जुना_यूडीसीटीवाला
तो शेपट्यांचा दोष, क्रमाचा नाही. इथिलीन ऑक्साइडच्या साखळीला त्या फुगणाऱ्या मातीच्या थरांत जागा मिळते, मोकाट गुरांना शिवार मिळाल्यासारखी. जुन्या नॅप्थलीनवाल्या ॲडमिक्श्चरला ह्या शेपट्याच नसतात म्हणून माती त्याला इतकी छळत नाही. बाकी तुमचं उदाहरण माझ्या भजनापेक्षा चांगलं आहे, पैशांत मोजता येतं.

फ्रीजमधली_जेल
मी महापेत फॉर्म्युलेशनला होते, तिथलं माझं लाडकं उदाहरण टाकते. पोलोक्सॅमर ४०७ नावाचं पॉलिमर. तीन तुकड्यांची साखळी, दोन्ही टोकांना इथिलीन ऑक्साइड, मधे प्रॉपिलीन ऑक्साइड. नावातच गणित आहे, ४० गुणिले १०० म्हणजे मधल्या तुकड्याचं वजन साधारण ४०००, आणि शेवटचा ७ म्हणजे ७० टक्के इथिलीन ऑक्साइड. अठरा-वीस टक्क्यांचं द्रावण फ्रीजमध्ये पाण्यासारखं वाहतं आणि अंगाच्या उष्णतेला घट्ट जेल होतं, म्हणजे आपल्या कोकमतेल, खोबरेल तेलासारख्या नेहमीच्या गोष्टींच्या बरोब्बर उलटं. नव्या मुलींना पहिल्यांदा दाखवलं की त्या बाटली उलटी करून करून बघतात.

कारण मधल्या तुकड्याला गार पाणी चालतं, कोमट चालत नाही. कोमट झालं की मधले तुकडे एकत्र येऊन गोळा होतात, बाहेर टोकांची झालर, आणि असे गोळे दाटीने रचले गेले की जेल. आता क्रम उलटा करा, टोकांना प्रॉपिलीन आणि मधे इथिलीन, असा माल पण मिळतो, त्याला रिव्हर्स म्हणतात. कच्चा माल तोच पण तो जेल करायला नाखूश असतो आणि फेसही कमी करतो, कारण आता एका साखळीच्या दोन्ही टोकांना गोळ्यात जायचंय म्हणून मधल्याला वळण घ्यावं लागतं. आणि ह्याच दोन प्रकारच्या कड्या तुकडे न करता विखरून टाकल्या तर गोळाच होत नाही, साधं पाण्यात विरघळणारं तेल मिळतं.

अजून एक. एनआयपीएएमच्या कड्यांचं पॉलिमर ३२ अंशाच्या आसपास पाण्यातून बाहेर पडतं. त्यात पाणीप्रिय कड्या विखरून घातल्या की ३२ चा आकडा वर सरकतो, पाहिजे तितका चढवा. पण त्याच कड्या वेगळा तुकडा करून टोकाला जोडल्या तर एनआयपीएएमवाला तुकडा ३२ च्या आसपासच आपला हट्ट करतो, फक्त तळाला बसण्याऐवजी गोळे करून तरंगतो. विखुरलं की स्वभावांची सरबत होते, तुकड्यात ठेवलं की दोघं आपापला स्वभाव राखतात.

रबाळे_रिॲक्टर
ताई शेवटचं वाक्य लिहून भिंतीवर लावतो. आमच्या मालकाला पण दाखवतो.

नौपाडा_किचन
मी केमिस्ट्रीवाली नाही, बारावीला सुटले त्यातून, पण मुलाच्या वाढदिवसाला पॉपिंग बोबा करताना एक अल्जिनेट मस्त गोळे देत होतं आणि दुसऱ्याचे गोळे लिबलिबीत. दोन्ही पाकिटांवर सोडियम अल्जिनेटच. मी कॅल्शियमला दोष देत बसले. तसंच काही?

फ्रीजमधली_जेल
अगदी तसंच! अल्जिनेट हे समुद्री शेवाळाचं कोपॉलिमर आहे, जी आणि एम अशा दोन साखर कड्या. जी सलग आल्या की त्यांच्यात अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे तयार होतात, प्रत्येक खळग्यात एक कॅल्शियम, आणि दोन साखळ्या बांधल्या जातात. जी-एम-जी-एम असं आलटून पालटून असेल तर खळगे नाहीत. जी जास्त सलग असलेलं अल्जिनेट कडक ठिसूळ गोळे देतं, एम जास्त असलेलं मऊ. जॅमच्या पेक्टिनचं पण तेच, फळातल्या एन्झाइमने मिथाइल गट सलग काढले तर कॅल्शियमने पटकन बांधतं, अल्कलीने विखरून काढले तर तेवढं नाही. पाकिटावर कुणी लिहीत नाही.

नौपाडा_किचन
म्हणजे चूक माझी नव्हती. हे सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

रंगाचं_दुकान_ठाणे
आमच्या टिंटिंग मशिनवर (पांढऱ्या बेसमध्ये टिंटर म्हणजे रंगद्रव्य घालून शेड काढतात ते) पांढरा बेस जाड असतो आणि गडद शेड काढली की डबा उघडल्यावर पातळ, गिऱ्हाईक म्हणतं पाणी मारलंत. त्याचा संबंध आहे का ह्याच्याशी?

जुना_यूडीसीटीवाला
आहे, तुम्ही पाणी मारलेलं नाही. चांगल्या पाण्याच्या रंगात जाडी आणणारं एक पॉलिमर असतं, लांब पाणीप्रिय दोरी आणि दोन्ही टोकांना पाणीद्वेष्टे गोंडे. एक गोंडा एका गोळ्यात, दुसरा दुसऱ्या, कधी रंगाच्या थेंबावर, अशी पाण्यात जाळी विणली जाते आणि जाडी येते. टिंटरमध्ये भरपूर सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) आणि ग्लायकॉल असतं, ते त्या गोंड्यांना एकेकटं गाठून वेढून टाकतात, जाळी सुटते. त्याच दोरीवर तेच गोंडे मधेमधे लावले असते तर वेगळं वागलं असतं. आता रबाळे, थेंब मोजलेत का?

रबाळे_रिॲक्टर
मोजले. काल रविवारी एकटाच प्लांटवर बसलो होतो, बायको म्हणाली थेंब मोजायला एवढं लांब जायचं तर घरचा गळका नळ आहे.

गार पाण्यात दोन्ही पूर्ण विरघळले, नवा अर्ध्या वेळात. खाली एकही फुगलेला दाणा नाही. ८० पर्यंत तापवलं, दोन्ही स्वच्छ. आयोडीन टाकल्यावर जुना माल डाळिंबाच्या रसासारखा लाल आणि नवा फिका, म्हणजे सरबतात पाणी जास्त झालं तसा, ऑपरेटरला पण बोलावून दाखवलं. वीस थेंबांचं वजन, नुसतं पाणी १.०० ग्रॅम, जुना ०.६६, नवा ०.७३. तीनदा केलं, शेवटच्या आकड्यात एक-दोनचा फरक सोडला तर तेच.

तळोजा_नाईटशिफ्ट
गारात पूर्ण विरघळला आणि तापवून गढूळ नाही, वर आयोडीन फिकं. मिसळ नाही. मी माझा आरोप मागे घेतो, व्यापाऱ्याला उगाच चोर म्हणलो.

जुना_यूडीसीटीवाला
चोख काम. चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतायत, नवा माल विखुरलेला आहे. कोर्टात जायचं असेल तर कार्बन एनएमआर (साखळीतल्या कड्यांची रचना दाखवणारी चाचणी) करा, पवईला आयआयटीच्या सैफ ह्या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे नमुने घेतात. त्यात ओएच-ओएच, ओएच-ॲसिटेट आणि ॲसिटेट-ॲसिटेट अशा शेजारजोड्या वेगवेगळ्या दिसतात, त्यावरून एक आकडा काढतात, पूर्ण विखुरलेला असेल तर १, सलग होत जाईल तसा शून्याकडे. अल्कलीने केलेला नेहमीचा माल ०.४-०.५ च्या आसपास असतो. पण तुमच्या कामाला आयोडीन पुरे, प्रत्येक नव्या गोणीचं जुन्या नमुन्याशेजारी ठेवून बघत जा, एक बाटली जुन्या मालाची जपून ठेवा.

आणि एक जाताजाता, तुम्ही पुढे व्हीएएम-ब्युटाइल ॲक्रिलेट करायचं म्हणत होतात ना दुसऱ्या धाग्यावर. तिथे हा क्रम तुमच्याच हातात असतो. ॲक्रिलेट फार अधाशी, एकदम सगळं ओतलंत तर आधी तोच साखळीत बसतो आणि शेवटी नुसतं व्हीएएम उरतं, म्हणजे एका बॅचमध्ये दोन वेगळे पॉलिमर. पुस्तकातलं टोकाचं उदाहरण स्टायरीन आणि व्हिनाइल ॲसिटेटचं, तिथे स्टायरीनच्या टोकाला दुसरं स्टायरीन ५५ पट जास्त आवडतं, आणि ॲसिटेटच्या टोकाला पण स्टायरीनच आवडतं. उपाय एकच, मोनोमर उपाशी ठेवून थेंबथेंब द्यायचं, जेवढं आलं तेवढं लगेच संपलं पाहिजे. फीड चार तास म्हणजे चार तास, शेवटच्या लोकलसाठी अडीच तासांत उरकायचं नाही.

रबाळे_रिॲक्टर
ऑपरेटरने हे वाचून मान खाली घातली सर 😄

डोंबिवली_फास्ट
पण उरलेल्या गोण्यांचं काय केलंत? दहा होत्या ना.

रबाळे_रिॲक्टर
तीन बॅचमध्ये आणि नंतरच्या प्रयोगांत मिळून तीन गेल्या, सात राहिल्या. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला रिपोर्टप्रमाणे माल दिलाय, परत घेणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर आहे, मी ऑर्डरवर "सलग ॲसिटेटवाला" असं थोडीच लिहिलं होतं. जुन्यात निम्मा नवा मिसळून एक बॅच काढली, दाणे कमी झाले पण गेले नाहीत. थोडं नॉनआयनिक सर्फॅक्टंट घालून बघितलं, गम टिकला पण सुतार म्हणाला ओल्या हवेत जोड ढिला वाटतो, मग तो नाद सोडला.

शेवटी भिवंडीला आमचा एक ओळखीचा सायझिंगवाला आहे, ताण्याला खळ चढवतो. त्याला म्हणलं एक गोणी नेऊन बघ, नाही जमलं तर पैसे देऊ नको. परवा त्याचा फोन आला. म्हणतो गारात विरघळतोय, टाकीत फेस नाही, फेस मारायचं औषध घालावं लागत नाही, बाकीच्या सहा पण पाठव, आणि तुझ्या त्या व्यापाऱ्याचा नंबर दे.